न आवडणारा नायक



कादंबरी हातीं घ्यावी, पंचवीस-तीस पानें वाचावीं, आणि तिच्यांतील माणसें आपल्याला मुळींच आवडूं नयेत, असा प्रसंग वाचकांवर पुष्कळदां येतो. अशा वेळीं सभ्य वाचक पुस्तक मिटतो आणि ग्रंथालयास परत करतो. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. एवढ्या दीर्घ आयुष्यांत या संस्थांच्या देवघेवीच्या खिडकीशीं ‘नायक आवडला नाहीं’ एवढ्याच कारणानें किती पुस्तकें वेळेआधीं परत आलीं असतील, याची नोंद कोणत्याहि वहींत सांपडावयाची नाहीं. परंतु आज ज्या पुस्तकाविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या वांट्याला हें दैव बरेचदां आलेलें मी स्वतः पाहिलें आहे.

तें पुस्तक म्हणजे श्री. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी. मौज प्रकाशन गृहानें ती २००४ सालीं प्रसिद्ध केली. नववींत शिकणाऱ्या मुकुंद जोशी नांवाच्या मुलाचें शिरोडकर आडनांवाच्या एका मुलीवर मन जडतें, एवढेंच तिचें कथानक. माझ्या परिचयाच्या एका सुशिक्षित घरांत ही कादंबरी कपाटाच्या अगदीं वरच्या फळीवर, दिवाळीच्या पणत्यांच्या डब्यामागें ठेवलेली मला दिसली. मी कारण विचारलें. घरच्या बाई म्हणाल्या, ‘‘सर, मुलगी आठवींत आहे. तिच्या हातीं लागूं नये म्हणून ठेवलीय. त्या मुलांची भाषा ऐकवत नाहीं हो. आणि सबंध दिवस दुसरा उद्योगच नाहीं मेल्यांना, मुलींकडे बघत बसण्याशिवाय!’’

आतां या बाईंचें म्हणणें खोटें आहे असें मला म्हणवत नाहीं. कादंबरीच्या आरंभीं जीं मुलें आपल्या समोर येतात, तीं खरोखरच आवडण्याजोगीं नाहींत. जोशी, सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या अशी ही चौकडी. एका अर्धवट बांधलेल्या इमारतींत बसावें, रस्त्यानें शाळेला जाणाऱ्या मुलींवर नजर ठेवावी, कोणाची ‘लाईन’ कोणावर आहे याचा काथ्याकूट करावा, शिक्षकांच्या लकबींची टवाळी करावी, हा यांचा दिनक्रम. तोंडीं सदैव कांहींतरी शिवी. सुऱ्याची एक लाडकी शिवी तर अशी आहे, कीं ती नभोवाणीवरून उच्चारण्याची मला परवानगी मिळणार नाहीं. जोशी तर घरांत देखील सरळ बोलत नाहीं. आईचा उल्लेख तो ‘आईसाहेब’ असा करतो, आणि थोरल्या बहिणीला ‘अंबाबाई’ म्हणतो, आणि दोन्हींत आदराचा लवलेशहि नाहीं. गोष्ट सांगणारा तोच असल्यामुळें वाचकाला दुसरीकडे तोंड फिरवावयासहि जागा उरत नाहीं. सगळें जग या चौदा वर्षांच्या मुलाच्या कुत्सित डोळ्यांनींच पाहावें लागतें.

आपल्या वाचनाला हें मानवत नाहीं, याला कारण आहे. मराठी प्रेमकथेनें आपल्याला फार वर्षें निराळी सवय लावली. प्रा. ना. सी. फडके यांचा तरुण नायक पहिल्या प्रकरणांतच असा कांहीं ऐटींत प्रवेश करतो, कीं त्याच्यावर नायिकेआधीं वाचकाचाच जीव जडावा. श्री. वि. स. खांडेकरांचा नायक तितका नटवा नसतो, पण ध्येयवादी असतो, आणि ध्येयासाठीं आपण त्याचें बरेंच कांहीं पोटांत घालतों. आणि मुलांचें म्हणाल, तर मराठी घरांत मुलगा कसा असावा याचें माप साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत बसून लिहिलेल्या ‘श्यामची आई’नें ठरवून टाकलें. श्यामहि अपराध करतो, हें आपण विसरतों. परंतु त्याचा अपराध आणि त्याचा पश्चात्ताप हीं दोन्ही एकाच रात्रीच्या कथेंत येऊन जातात. निजण्यापूर्वीं हिशेब चुकता होतो. जोशाचा हिशेब तसा रात्रीच्या रात्रीं मिटत नाहीं. तो आठवडेच्या आठवडे थकलेला राहतो, आणि आपण शिक्षक किंवा आईबाप असलों तर आपल्याला तें सोसत नाहीं.

तरीहि, आरंभीं न आवडणाऱ्या माणसाची प्रेमकथा ही मराठींत अगदींच अपूर्व वस्तु नव्हे. श्री. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ सालची. तिचा नायक चक्रधर प्रेमांत पोळलेला, स्त्रीजातीविषयीं कडवट झालेला आणि बोलण्यांत बोचरा. युरोपांतून निघालेल्या बोटीवर त्याला हेर्टा ही जर्मन ज्यू तरुणी भेटते, आणि त्याच्या मनावरचें कवच थोड्या दिवसांत कसें तडकतें, तें पाहतां पाहतां आपणहि त्याच्याशीं बांधले जातों. हेर्टाला मुंबईस उतरण्याची परवानगी नसते. पुढें समुद्रांतच तिचा शेवट होतो. चक्रधर पहिल्यापासून गोड असता, तर त्या शेवटाचा घाव एवढा खोल बसला नसता. इंग्रजी वाचणाऱ्यांना जेन ऑस्टिन बाईंचा डार्सी आठवेलच. १८१३ सालच्या त्या कादंबरींत नायिकेला जो माणूस घमेंडखोर वाटतो, तोच वाचकालाहि घमेंडखोर वाटतो, आणि दोघांचें मत बरोबरच बदलतें. पण चक्रधर काय किंवा डार्सी काय, हीं जाणतीं माणसें. त्यांच्या कडवटपणामागें कांहीं इतिहास आहे. नववींतल्या मुलाला कसला आला आहे इतिहास? त्याचा आडमुठेपणा क्षमा करावयास आपल्याजवळ कांहीं सबबच नसते. म्हणूनच श्री. बोकील यांचें काम बेडेकरांच्या कामापेक्षां अवघड होतें, असें मी समजतों.

तें त्यांनीं कसें पार पाडलें?

कादंबरीचा काळ आणीबाणीचा आहे. त्या सुमारास मी स्वतः शाळेंत होतों, जोशाच्याच वयाचा. त्यामुळें तें गांव मला ओळखीचें वाटतें. ठाणें, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यांतील ज्या वाचकानें तो काळ पाहिला असेल, त्याला तें आपलेंच गांव वाटतें असा माझा अनुभव आहे. १८५३ सालीं बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षीं कल्याणपर्यंत आगगाडी आली, तरी डोंबिवलीची वस्ती फुगली ती पुष्कळ पुढें. भातशेतांतून इमारती उभ्या राहूं लागल्या होत्या. दोन चाळींच्या मध्यें एखादें सिमेंटचें सांगाडेवजा घर पैशाअभावीं वर्षानुवर्षें उघडें पडलेलें असे. घरोघरचे वडील सकाळच्या गाडीनें मुंबईस जात आणि दिवेलागणीनंतर परतत. मधल्या दहा-बारा तासांत मुलगा कोठें आहे, काय करतो, हें त्या अर्धवट इमारतींनाच ठाऊक. महानगरपालिका आली १९८३ सालीं. तोंवर गांवाला गांवपण होतें, आणि तरीहि प्रत्येक मुलाला दडावयास एक कोपरा होता. जोशाची टोळी अशाच कोपऱ्यांतली आहे.

आतां त्यांच्या भाषेकडे वळूं. चाळीसच्या घरांत वर्षें मी वर्गावर काढलीं, त्यावरून सांगतों: नववींतल्या मुलाची शिवी ही बहुधा शिवी नसतेच. ती छत्री असते. टोळींत उभें राहावयाचें तर डोक्यावर तेवढें कांहीं धरावें लागतें. ज्या मुलाच्या मनांत एखाद्या मुलीविषयीं कोमल असें कांहीं उगवलें आहे, त्यानें तें कोणत्या शब्दांत बोलावें? घरांत त्याला शब्द नाहीं. घरीं तें बोललें तर कानाखालीं बसेल. शाळेंत तर नाहींच नाहीं. मराठीच्या तासाला कविता शिकवितात, पण तींतल्या भावनेचें उत्तर तीन ओळींत लिहावयाचें असतें आणि त्यास दोन गुण असतात. मग उरते ती टोळी. टोळीजवळ एकच शब्द आहे, ‘लाईन’. रेल्वेच्या गांवांत तो शब्द रुळावा यांतहि एक गंमत आहे. या एका ओबडधोबड शब्दांत जोशाला आपलें सगळें मन कोंबावें लागतें, आणि तें त्यांत मावत नाहीं. कादंबरी जसजशी पुढें जाते, तसतसा हा न मावणारा भाग वाढत जातो. टोळींत जोशाची जीभ एक बोलते आणि एकांतांत त्याचें मन दुसरेंच बोलतें. वाचक त्याच्या मनांतच मुक्कामाला असल्यामुळें तो दोन्ही ऐकतो. शिवी ऐकून ज्यानें कपाळाला आठी घातली, त्याच वाचकाला शंभर-दीडशें पानांनंतर कळून येतें, कीं हा मुलगा एका मुलीच्या जाण्यायेण्याच्या वेळा पाठ करतो आहे, ती दिसली नाहीं तर त्याचा दिवस फुकट जातो आहे, आणि या गोष्टीची त्याला स्वतःलाच लाज वाटते आहे.

त्या मुलीला तो शिरोडकर म्हणतो. हें मला फार महत्त्वाचें वाटतें. त्या काळच्या शाळांतून मुलगे आणि मुली एका वर्गांत बसत, परंतु एकमेकांशीं बोलत नसत. बोलावेंच लागलें, तर आडनांवानें. पाळी नांवाचें पाळणाघर असावें तसें हजेरीचें पुस्तक. त्यांत जें आडनांव पुकारलें जाई, तेंच मुलीचें नांव. पहिलें नांव घरच्या माणसांचें असे. त्यामुळें हजेरी घेणाऱ्या मास्तरांच्या तोंडचा रुक्ष शब्द या मुलाच्या तोंडीं हळूहळू किती मृदु होत जातो, हें ज्यानें त्यानें वाचूनच पाहावें. आपल्या प्रेमकवींनीं स्त्रीला चंद्रापासून कमळापर्यंत सगळीं नांवें देऊन पाहिलीं. जोशाला एक आडनांव पुरतें. ही युक्ति म्हणून लेखकानें योजिली आहे असें मला वाटत नाहीं. ती त्या वर्गाची रीतच होती.

पण येथें एक मोठा आक्षेप आहे, आणि तो मला टाळतां येत नाहीं. तो त्या पणत्यांच्या डब्याआडच्या बाईंचाच आक्षेप आहे. मुलीच्या वाटेवर उभें राहणें, तिच्या मागें मागें जाणें, यांत कोमल तें काय? मुलीच्या बाजूनें पाहिलें, तर हा त्रास आहे. ज्यांच्या घरांत वयांत येणारी मुलगी आहे, त्यांना जोशाची कौतुकें सांगणें सोपें नाहीं.

या आक्षेपाचें उत्तर कादंबरीनेंच दिलें आहे, आणि तें गोड करून दिलेलें नाहीं. सुऱ्याला जी मुलगी आवडते, तिचें नांव मुलांनीं केवडा ठेविलें आहे. सुऱ्या धीट. तो एके दिवशीं तिला सरळ विचारतो. केवडा लाजत नाहीं, घाबरून गप्पहि बसत नाहीं. ती तक्रार करते. प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत, म्हणजे आप्पांपर्यंत जातें, मुलांना छड्या बसतात आणि पालकांना बोलावणें जातें. टोळीच्या दृष्टीनें केवडा खलनायिका ठरते. कित्येक वाचकहि, मुलांची संगत एव्हांना आवडूं लागल्यामुळें, तिच्यावर रागावतात. मला हें साफ अमान्य आहे. केवड्यानें केलें तेंच योग्य होतें. जें नको होतें तें तिनें नको म्हणून सांगितलें, आणि तसें सांगावयास त्या दिवसांत मुलीला पुष्कळ धैर्य लागे. लेखक तिची बाजू घेऊन भाषण करीत नाहीं, पण तिला खोटी पाडावी म्हणून कोठें खोडसाळपणाहि करीत नाहीं. ज्या मुलीला आपण न आवडणारी समजतों, ती या पुस्तकांतली एक सरळ मुलगी आहे, हें दुसऱ्या वाचनांत अधिक दिसतें. नायकाविषयींचें मत जसें वाचकाला बदलावें लागतें, तसें केवड्याविषयींचेंहि बदलतें. फक्त तिच्या बाबतींत तें काम वाचकानें एकट्यानें करावयाचें आहे, गोष्ट सांगणारा मुलगा त्यांत मदत करीत नाहीं.

सुऱ्या आणि जोशी यांच्यांतील अंतरहि या प्रकरणानें उघड होतें. सुऱ्याला होकार हवा आहे, बाजी जिंकावी तसा. जोशाला होकार हवा असेलच, पण त्याहून अधिक त्याला ती मुलगी कशी आहे हें जाणून घ्यावयाचें आहे. ती काय वाचते, काय बोलते, कशानें हंसते. आणि शिरोडकरला तो नकोसा नाहीं, हें हळूहळू वाचकाच्या ध्यानांत येतें. तो न सांगतां, तिच्या दोनचार साध्या वाक्यांवरून. येथवर आलेला वाचक आपण होऊनच जोशाच्या बाजूचा झालेला असतो. कोणत्या पानावर तो झाला, हें सांगावयास मात्र त्याला सांपडत नाहीं. मीं दोनदां शोधून पाहिलें.

छड्यांविषयीं दोन शब्द सांगितल्याशिवाय एका जुन्या शिक्षकाला पुढें जाववत नाहीं. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्यानें मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास बंदी केली. १९७५ सालीं छडी ही खडूइतकीच नित्याची वस्तु होती. परंतु कादंबरींतील छडीचा अर्थ एवढाच नाहीं. तें वर्ष आणीबाणीचें. २५ जून १९७५ च्या रात्रीं ती पुकारली गेली आणि २१ मार्च १९७७ रोजीं उठली. भिंतीभिंतींवर शिस्तीचीं बोधवाक्यें रंगविलेलीं होतीं. आगगाड्या वेळेवर धांवतात ही त्या काळची मोठी बढाई, आणि आमच्या डोंबिवलीकरांना ती कौतुकाची वाटावी हें स्वाभाविकच होतें. घरांत मोठीं माणसें कांहीं बोलावयाचीं झालीं कीं आवाज खालीं आणीत. जोशाला राजकारण समजत नाहीं. पण मोठीं माणसें एक मनांत आणि दुसरें जनांत बोलतात, एवढें त्याला पक्कें समजतें. मग त्यानें टोळींत निराळी जीभ आणि मनांत निराळी ठेवली, तर तो ती विद्या कोणाकडून शिकला? लेखकानें हा सांधा कोठेंहि बोट दाखवून दाखविलेला नाहीं. मी बोट दाखवितों आहें, कारण पुष्कळ वाचक आणीबाणीचा भाग हा कथेला चिकटविलेला कागद समजतात, आणि तसा तो नाहीं.

या सगळ्या गदारोळांत दोन मोठीं माणसें जोशाला नीट वागवितात. एक त्याचे वडील. प्रकरण शाळेंतून घरापर्यंत आल्यावर दुसऱ्या एखाद्या घरांत काय झालें असतें, हें त्या पिढीच्या श्रोत्यांना सांगण्याची गरज नाहीं. जोशाचे वडील आकांडतांडव करीत नाहींत. ते आपल्या मुलाकडे एक माणूस म्हणून पाहतात, आणि त्याला सांभाळून घेतात. दुसरा नरूमामा, हा तरुण, थट्टेखोर. त्याच्याजवळ भाच्याला मनांतलें बोलतां येतें. जोशाच्या बोलण्यांतील उपरोध या दोघांपाशीं गळून पडतो. ‘आईसाहेब’ आणि ‘अंबाबाई’ म्हणणारा मुलगा यांच्याविषयीं बोलतांना वांकडा शब्द वापरीत नाहीं, ही खूण वाचकानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कोणत्या माणसासमोर मूल सरळ होतें, त्यावरून त्या माणसाची परीक्षा होते. शाळेंतहि एखाद-दुसरे मांजरेकर सर असतात, ज्यांच्या तासाला मुलांचें टोपणनांव ठेवण्याचें यंत्र थोडें मंदावतें.

पुस्तकांत उणीवा नाहींत असें मी म्हणणार नाहीं. आरंभींचा भाग लांबला आहे. टोळीच्या खोड्या एकापाठोपाठ एक येतात आणि त्यांतल्या कांहीं गाळल्या असत्या तरी चाललें असतें. वाचकाला मुलांचा कंटाळा यावा इतकें तें हवें होतें, असें लेखकाचे चाहते म्हणतात. पण कंटाळा दाखविण्यासाठीं कंटाळवाणें व्हावें लागत नाहीं. शिक्षकांच्या चित्रणांतहि मुलाची नजर हें निमित्त करून कांहीं जणांवर अन्याय झाला आहे. वर्गांत साठ मुलें, वरून तपासणीची टांगती तलवार, महिनाअखेरीस हातीं पडणारा तुटपुंजा पगार, हें त्या नजरेला दिसत नाहीं. अर्थात् चौदाव्या वर्षीं तें दिसूंहि नये.

याच कादंबरीवरून श्री. सुजय डहाके यांनीं २०११ सालीं चित्रपट काढला. ५९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो मराठींतील उत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि पटकथेचाहि सन्मान त्याला मिळाला. चित्रपट सुरेख आहे. दिलीप प्रभावळकरांचे आप्पा मला विशेष आवडले. तरी एक गोष्ट पडद्यावर हरवली. अंशुमन जोशी या मुलाचा चेहरा पहिल्या दृश्यापासूनच असा निरागस आहे, कीं त्याच्यावर रागावणें कोणालाहि अशक्य. केतकी माटेगांवकर हिची शिरोडकर तर पडद्यावर येतांच प्रेक्षकांना जिंकून घेते. पुस्तकांत चेहरा नसतो. तेथें फक्त आवाज असतो, आणि तो आवाज फाटलेला, वयांत येणाऱ्या मुलाचा, कानाला नकोसा. त्या आवाजावर माया जडावयास जो वेळ लागतो, तोच या कादंबरीचा खरा विषय. चित्रपट पाहून ज्यांनीं पुस्तक वाचण्याचें टाळलें, त्यांना गोष्ट कळली, पण हा वेळ त्यांच्या वांट्यास आला नाहीं.

शेवटाविषयीं थोडें सांगतों. ज्यांना तो आधीं ऐकावयाचा नसेल, त्यांनीं क्षणभर यंत्राचा आवाज कमी करावा. वर्ष संपतें. शिरोडकरच्या वडिलांची बदली होते आणि ती गांव सोडून जाते. जोशापुढें उरते ती दहावी. महाराष्ट्रांत नव्या पद्धतीची दहावीची परीक्षा १९७५ सालींच प्रथम झाली होती, तेव्हां तिचा बागुलबुवा तसा ताजा होता. आजच्या मुलांना या शेवटाचें दुःख कळावयास एक गोष्ट समजावून द्यावी लागते. मी ती माझ्या नातेवाइकांच्या मुलांना समजावून दिली आहे. त्यांनीं मला विचारलें, ‘‘आजोबा, पण त्यानें तिचा नंबर कां नाहीं घेतला?’’ नंबर! त्या वेळीं आमच्या चाळींत टेलिफोन नव्हता. टेलिफोनसाठीं नांव नोंदवून माणसें वर्षानुवर्षें वाट पाहत. पत्र लिहावें तर मुलीच्या घरीं तें कोण फोडील याचा नेम नाहीं. मे महिन्यांत एखाद्या खोलीला कुलूप लागे, ट्रंका टांग्यांत चढत, आणि जूनमध्यें हजेरी घेतांना मास्तर एक आडनांव गाळून पुढें जात. माणूस जिवंत असे, याच राज्यांत कोठेंतरी असे, पण तो गेला तो गेलाच. लेखकानें या निरोपावर अश्रूंचा फवारा मारलेला नाहीं. ज्या मुलाला आरंभीं आपण उनाड म्हणून झिडकारलें, तो आतां कोणालाहि कांहीं न सांगतां तें दुःख एकट्यानें गिळतो, आणि आपण मात्र पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहतों.

राहिला प्रश्न त्या वरच्या फळीचा. आठवींतल्या मुलीला हें पुस्तक द्यावें कीं नाहीं? माझें मत द्यावें असें आहे, आणि केवळ मुलाला नव्हे, मुलीलाच आधीं द्यावें. ज्या भाषेची आईला धास्ती वाटते, ती भाषा मुलगी रोज शाळेच्या वाटेवर ऐकतेच. त्या भाषेमागें काय दडलेलें असतें आणि काय दडलेलें नसतें, एवढें तिला पुस्तकांत प्रथमच वाचावयास मिळेल. सुऱ्या कोण आणि जोशी कोण, हें ओळखावयास ती शिकली तर कोणत्या आईला तें नको आहे? केवड्यानें तक्रार केली तें बरोबर, हें तिला कोणी वेगळें सांगावें लागणार नाहीं. मुलींना तें पहिल्याच वाचनांत कळतें असा माझा अनुभव आहे, मुलग्यांना वेळ लागतो. मीं त्या बाईंना एवढेंच सुचविलें, कीं अगोदर तुम्ही पुरी वाचा, तीसाव्या पानावर सोडूं नका, मग वाटल्यास परत डब्यामागें ठेवा. पुढें काय झालें तें मीं विचारलेलें नाहीं. मध्यंतरीं त्यांच्याकडे गेलों तेव्हां दिवाळी जवळ आली होती, पणत्यांचा डबा खालीं उतरविलेला होता, आणि मागची जागा मोकळी दिसत होती.

त्या मुलीनें पुस्तक वाचलें असेल, तर तिनें एक प्रश्न नक्कीच विचारला असेल, कारण माझ्याजवळ आजवर ज्या ज्या मुलींनीं या पुस्तकाची गोष्ट काढली, त्यांतल्या बहुतेकींनीं तो विचारला. शिरोडकरला काय वाटत होतें? तिनें गांव सोडतांना कोणाची वाट पाहिली? जोशाला तें कळलें नाहीं, म्हणून आपल्यालाहि कळत नाहीं. सबंध कादंबरी आपण त्याच्या मनांत काढतों आणि तिच्या मनाच्या उंबऱ्यावरूनच परत येतों. डोंबिवलींतल्या एखाद्या चाळींत, एखाद्या शिरोडकरनें, तोंच काळ आणि तेंच वय घेऊन आपली बाजू लिहिली, तर ती कादंबरी मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचीन, मग तींतली नायिका आरंभीं मला आवडो वा न आवडो.